संगणक कसा असावा, हे कोणी ठरवायचे?

शाळांना सरकारी पैशातून संगणक किंवा टॅबलेट द्यायचे ठरले की आपल्याकडे चर्चा ठरलेल्या वाटेने जाते. किती नग घेणार, नगामागे किती रुपये पडणार, निविदा कोणाला मिळणार आणि वाटप झाल्यावर त्यांतले किती धूळ खात पडले आहेत, एवढेच प्रश्न विधिमंडळात आणि वर्तमानपत्रांत विचारले जातात. हे प्रश्न गैरलागू नाहीत. परंतु ज्या मुलाच्या हाती ते यंत्र पडणार, त्याला त्या यंत्राकडून काय करून घेता आले पाहिजे, हा प्रश्न निविदेच्या आधी यायला हवा आणि तो बहुतेक वेळा येतच नाही. ब्रिटनमध्ये १९८० च्या सुमारास एका सार्वजनिक प्रसारण संस्थेने तो सर्वांत आधी विचारला आणि त्याच्या उत्तरातून बीबीसी मायक्रो हा घरगुती संगणक जन्माला आला. त्याच्या उदयास्ताची कथा आता साधारणपणे एका कंपनीच्या भरभराटीची आणि घसरणीची कथा म्हणून सांगितली जाते आणि तिचे तात्पर्य असे काढले जाते की तंत्रज्ञानाच्या शर्यतीत सरकारी संस्थांनी पडू नये, बाजार त्यांना मागे टाकतोच. मला हे तात्पर्य चुकीचे वाटते. यंत्र कालबाह्य झाले, ते होणारच होते. नुकसान झाले ते यंत्रासोबत तो मूळ प्रश्नही अडगळीत टाकला गेल्यामुळे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मायक्रोप्रोसेसर स्वस्त होऊ लागला आणि त्यामुळे कारखान्यांतल्या व कचेऱ्यांतल्या नोकऱ्यांवर गदा येणार, ही भीती ब्रिटनमध्ये उघडपणे बोलली जाऊ लागली. १९७८ साली बीबीसीच्याच एका माहितीपटाने ती घराघरांत पोचवली. यावर प्रसारण संस्थेने चार चर्चात्मक कार्यक्रम केले असते तरी तिचे कर्तव्य पार पडले असे कोणीही म्हटले असते. तिच्या शिक्षण विभागाने मात्र निराळा विचार केला. पोहणे जसे पाण्यात उतरल्याशिवाय शिकता येत नाही, तसाच संगणकही हात लावल्याशिवाय कळणार नाही, तेव्हा प्रेक्षकाच्या हाती कार्यक्रमाशी जुळणारे एकच यंत्र हवे, असे त्यांनी ठरवले आणि त्या यंत्राचा तपशीलवार आराखडा संस्थेने स्वतः तयार केला. त्याची बेसिक ही नवशिक्यांसाठीची संगणकभाषा शिस्तशीर कार्यक्रमलेखन (प्रोग्रॅमिंग) शिकवणारी असावी, यंत्र पुढे वाढवता यावे, त्याला बाहेरची उपकरणे जोडता यावीत, दूरचित्रवाणीच्या पडद्यावर मजकूर पाठवणाऱ्या टेलिटेक्स्ट सेवेशी त्याचा मेळ बसावा, अशा त्यातल्या अटी होत्या. किंमत हा मुद्दा होताच, पण तो एकटा नव्हता.

पहिली निवड फसली. न्यूबरी लॅबोरेटरीज या कंपनीचे न्यूब्रेन हे यंत्र वेळेत तयार होईना, म्हणून कार्यक्रमांचे प्रसारण लांबणीवर पडले आणि बीबीसीने इतर कंपन्यांकडे विचारणा केली. त्यांत केंब्रिजमधली एकॉर्न ही हर्मन हाउझर आणि ख्रिस करी यांची छोटी कंपनी होती. तिच्याकडे नव्या यंत्राचे कागदावरचे संकल्पचित्र होते, चालते यंत्र नव्हते, आणि बीबीसीची माणसे शुक्रवारी पाहायला येणार होती. हाउझर यांनी स्टीव्ह फर्बर यांना सांगितले की सोफी विल्सन यांना हे एका आठवड्यात जमेल असे वाटते, आणि विल्सन यांना सांगितले की फर्बर यांना तसे वाटते. दोघेही कामाला लागले. रात्रंदिवस तारा जोडूनही यंत्र काही चालेना, तेव्हा त्याला दुसऱ्या संगणकाशी बांधून ठेवणारी तार कापून पाहावी, असे हाउझर यांनी सुचवले, आणि ती कापताच ते चालू लागले. पाहुणे येण्याआधी काही तासांची ही गोष्ट आहे. केंब्रिजमध्ये ती आजही कौतुकाने सांगितली जाते. मला तिच्यात दिसते ते असे की अभियंत्यांच्या प्रतिभेला योग्य दिशा मिळाली, कारण काय हवे आहे हे मागणाऱ्याला नेमके ठाऊक होते.

डिसेंबर १९८१ मध्ये बाजारात आलेले हे यंत्र जवळून पाहण्यासारखे आहे, कारण त्याची घडणच एक भूमिका मांडते. कळ दाबताच दोन सुरांची एक शिटी वाजे आणि क्षणार्धात काळ्या पडद्यावर यंत्राचे नाव, त्याखाली बेसिक हा शब्द आणि मग आज्ञेची वाट पाहणारे एक बाणासारखे चिन्ह उमटे. मधे काहीही नाही. ना चित्रांची रांग, ना जाहिरात, ना खाते उघडण्याची विनंती. यंत्र सुरू झाले म्हणजे ते आज्ञा घ्यायला तयार झाले. काय करायचे ते वापरणाऱ्याने सांगायचे आणि त्याने काहीच सांगितले नाही, तर ते तसेच थांबून राही. प्रिंट या आज्ञेने स्वतःचे नाव पडद्यावर उमटवणारी पहिली ओळ आणि पुन्हा पहिल्या ओळीवर जा असे सांगणारी दुसरी ओळ, एवढ्यावर मुलाला कळून जाई की इथे धनी आपण आहोत. सोफी विल्सन यांनी लिहिलेल्या या बेसिकमध्ये मोठ्या कामाचे लहान लहान नामांकित भाग पाडता येत, त्यामुळे विचाराला वळण लागे. ज्याला आणखी खोल जायचे असेल, त्याच्यासाठी त्याच भाषेत प्रोसेसरच्या यंत्रभाषेत लिहिण्याची सोय होती. यंत्र उलटे केले की तळाशी जोडण्यांची रांग दिसे. मुद्रक, डिस्क, दुसरा प्रोसेसर, आणि प्रयोगशाळेत स्वतः तयार केलेले एखादे उपकरण जोडण्यासाठी खुला ठेवलेला मार्गही. या जोडण्यांची माहिती सोबतच्या सुमारे पाचशे पानी मार्गदर्शिकेत दिलेली होती. शाळेतला विज्ञान शिक्षक तिच्या आधाराने तापमान मोजणारा प्रयोग संगणकाला जोडू शकत असे, त्यासाठी त्याला कंपनीची परवानगी मागावी लागत नसे.

आणि हे यंत्र एकटे आले नाही. जानेवारी १९८२ मध्ये बीबीसीची दहा भागांची मालिका सुरू झाली. नॅशनल एक्स्टेन्शन कॉलेजने बेसिकचा पत्राद्वारे अभ्यासक्रम चालवला. पुढे दूरचित्रवाणीच्या लहरींवरून संगणकावर चालवायचे कार्यक्रमच (प्रोग्रॅम) प्रसारित होऊ लागले आणि जोडयंत्र असलेला माणूस ते घरी उतरवून घेऊ शकला. सरकारच्या उद्योग खात्याने माध्यमिक आणि नंतर प्राथमिक शाळांना मान्यताप्राप्त संगणकाची निम्मी किंमत देऊ केली. सुरुवातीचा अंदाज सुमारे १२,००० यंत्रे खपतील असा होता, प्रत्यक्षात १५ लाखांच्या आसपास खपली आणि ब्रिटनमधल्या बहुसंख्य शाळांत ती जाऊन बसली.

या यशावर तेव्हाच कडक आक्षेप घेतला गेला आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. स्वस्त घरगुती संगणक बनवणारे क्लाइव्ह सिंक्लेअर यांचे म्हणणे होते की लोकांच्या परवाना शुल्कावर चालणाऱ्या प्रसारण संस्थेने एका कंपनीच्या यंत्रावर आपले नाव छापणे हा इतरांवर अन्याय आहे. त्यांचे झेडएक्स ८१ हे यंत्र ६९.९५ पौंडांना मिळत होते आणि एप्रिल १९८२ मध्ये आलेल्या स्पेक्ट्रमची किंमत १२५ पौंडांपासून सुरू होत होती. बीबीसी मायक्रोच्या मोठ्या आवृत्तीला मात्र लवकरच ३९९ पौंड मोजावे लागू लागले. कामगार वस्तीतल्या किती घरांना ते परवडणार? खपाचा कौलही सिंक्लेअर यांच्या बाजूने आहे. सर्व आवृत्त्या धरल्या तर स्पेक्ट्रम ५० लाखांहून अधिक खपला आणि त्याच्या रबरी कळांवर बोटे चालवणाऱ्या पोरांनी सरकारी मदतीशिवाय ब्रिटनचा संगणकीय खेळांच्या निर्मितीचा उद्योग उभा केला. हे सगळे खरे आहे. घराघरांत संगणक पोचवण्याचे श्रेय बाजाराचेच आहे, आणि बीबीसीचे यंत्र किमतीमुळे मध्यमवर्गाच्या खाली पोचू शकले नाही, हा त्या योजनेचा खरा दोष होता.

तरीही या आक्षेपाने माझा मुद्दा मोडत नाही. स्पेक्ट्रम घेणाऱ्याच्या घरी कोणीतरी घेऊन देणारे असावे लागे. शाळेतल्या यंत्रापुढे ज्याच्या घरी काहीच नाही असा मुलगाही बसू शकत होता, आणि मुलींनाही तिथे बसता येत होते, ज्यांच्यासाठी घरी संगणक क्वचितच घेतला जाई. शिवाय स्पेक्ट्रमही सुरू होताच बेसिकची आज्ञाच मागत असे. त्या काळात बाजारातले स्वस्त यंत्रही वापरणाऱ्याला आज्ञा देण्याची मुभा देत होते, कारण दुसरा मार्ग अजून तयार झाला नव्हता. पुढे तो तयार झाला आणि बाजाराने ती मुभा हळूहळू काढून घेतली. ती मुलांसाठी टिकवून ठेवायची, हे ठरवून करण्याचे काम होते आणि ते सार्वजनिक संस्थाच करू शकल्या असत्या.

एकॉर्नची घसरण मी थोडक्यातच सांगतो, कारण तीत व्यापारातल्या नेहमीच्या चुकांपलीकडे फारसे काही नाही. स्पेक्ट्रमला तोंड देण्यासाठी कंपनीने १९८३ मध्ये इलेक्ट्रॉन हे स्वस्त यंत्र काढले. त्यातली मुख्य चिप पुरेशा संख्येने तयार होईना आणि ऐन नाताळात, मागणी शिगेला असताना, दुकाने रिकामी राहिली. उत्पादन सुरळीत झाले तोवर १९८४ चा नाताळ आला आणि घरगुती संगणकांचा बाजारच बसला. गोदामे भरली, अमेरिकेत शिरण्याच्या प्रयत्नात पैसा बुडाला आणि फेब्रुवारी १९८५ मध्ये इटलीच्या ऑलिव्हेट्टीने एकॉर्नचा ४९.३ टक्के हिस्सा घेतला. सिंक्लेअर यांचीही गत निराळी झाली नाही. त्यांचा संगणक व्यवसाय एप्रिल १९८६ मध्ये ॲमस्ट्रॅड या कंपनीने ५० लाख पौंडांना विकत घेतला. सरकारी छत्र असलेला आणि नसलेला, दोघेही एकाच लाटेत वाहून गेले, हे बाजाराचे दाखले देणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

यंत्र म्हणूनही बीबीसी मायक्रोची मर्यादा उघड होती. त्याची स्मृती ३२ किलोबाइटची, आणि बारीक रेषांचे चित्र पडद्यावर हवे असेल तर त्यांतले २० किलोबाइट पडद्यालाच लागत. स्मृती स्वस्त झाल्यावर असे यंत्र टिकणे शक्य नव्हते. १९८६ च्या मास्टर या सुधारित आवृत्तीने त्याला आणखी काही वर्षे दिली, इतकेच. तोवर कचेऱ्यांत आयबीएमच्या घराण्यातले संगणक रुळले होते आणि शाळांच्या व्यवस्थापनांपुढे एक साधा, बिनतोड वाटणारा युक्तिवाद आला होता. मुलांना पुढे नोकरीत जे वापरायचे आहे, तेच आज शिकवा.

माझ्या मते खरा ऱ्हास इथे सुरू झाला. नव्वदच्या दशकात ब्रिटनच्या शाळांतला संगणकाचा तास पत्र टंकणे, तक्ते भरणे आणि सादरीकरणाच्या पाट्या सजवणे याकडे वळला. यंत्रे आधीपेक्षा शेकडो पटींनी समर्थ झाली आणि त्यांच्यापुढे बसणाऱ्या मुलाकडून अपेक्षा मात्र कमी झाली. नोकरीचा युक्तिवाद स्वतःच्या कसोटीवरही टिकला नाही, कारण शाळेत शिकवलेली कचेरीची आज्ञावली (सॉफ्टवेअर) मूल नोकरीला लागेपर्यंत बदललेली असे. कामाचे तुकडे कसे पाडावेत आणि चूक कुठे आहे ती कशी शोधावी, हे कार्यक्रम लिहिताना अंगवळणी पडणारे विचार बदलले नाहीत. ऑगस्ट २०११ मध्ये गूगलचे एरिक श्मिट यांनी एडिंबरामध्ये जाहीरपणे सांगितले की तुम्ही मुलांना आज्ञावली वापरायला शिकवता, ती कशी तयार होते हे शिकवत नाही. जानेवारी २०१२ मध्ये रॉयल सोसायटी या ब्रिटनच्या विज्ञानसंस्थेने आपल्या अहवालात शाळांतल्या संगणक शिक्षणावर कडक ताशेरे ओढले, शिक्षणमंत्र्यांनी जुना अभ्यासक्रम मागे घेण्याचे जाहीर केले आणि सप्टेंबर २०१४ पासून इंग्लंडमध्ये कार्यक्रमलेखन शाळेत परत आले. १९८२ मध्ये जे हाती होते, ते परत मिळवायला त्यांना मोहीम काढावी लागली.

या कथेतला सर्वांत मोठा वारसा सगळ्यांच्या खिशात आहे. बीबीसी मायक्रोनंतर काय, या शोधात विल्सन आणि फर्बर यांनी एआरएम हा प्रोसेसर आखला. त्याच्या आज्ञासंचाचे पहिले अनुकरण (सिम्युलेशन) विल्सन यांनी बीबीसी बेसिकमध्येच लिहिले आणि एप्रिल १९८५ मध्ये तयार होऊन आलेली पहिली चिप बीबीसी मायक्रोलाच जोडून तपासली. फर्बर यांनी तिला लागणारी वीज मोजायला घेतली, तर मापकाचा काटा शून्यावर. चिप चालू आहे आणि वीज शून्य, हे कसे? तपासल्यावर कळले की वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता. इतर जोडण्यांतून झिरपणाऱ्या विजेवर ती चालत होती. आजच्या बहुतेक सर्व मोबाइल फोनमधले प्रोसेसर याच घराण्यातले आहेत. तरीही मी या गोष्टीचा आधार घेऊन सार्वजनिक योजनेचे समर्थन करणार नाही. असे घबाड हाती लागेल म्हणून कोणी शाळेत संगणक देऊ नये. एआरएम निघाला नसता, तरी १९८२ मध्ये त्या मुलांना जे मिळाले ते योग्यच होते.

बीबीसीच्या प्रयोगातला एक मोठा दोष मात्र इथे सांगायलाच हवा, कारण तो माझ्या बाजूच्या लोकांना अडचणीचा आहे. १९८६ मध्ये, इंग्लंडच्या अकराव्या शतकातल्या महसुली पाहणीला ९०० वर्षे झाली म्हणून, बीबीसीने देशभरच्या शाळकरी मुलांकडून व नागरिकांकडून आपापल्या परिसराची माहिती गोळा केली. दहा लाखांहून अधिक लोकांनी त्यात भाग घेतला. हे सारे लेझर डिस्कवर साठवले गेले आणि ते पाहायला मास्टर संगणक व खास फिलिप्सचे उपकरण लागे. ही जोडणी इतकी महाग होती की ज्या शाळांनी माहिती पाठवली त्यांतल्या अनेकांना ती घेता आली नाही, आणि पंधरा वर्षांत तर तसे चालते यंत्र शोधणे मुश्किल झाले. मूळ चर्मपत्रे नऊ शतके वाचता येत राहिली आणि मुलांची माहिती वाचवायला संशोधकांना खास प्रयत्न करावे लागले. म्हणून सार्वजनिक संस्थेने यंत्राच्या अटी लिहिताना माहिती कोणत्याही यंत्रावर वाचता येईल अशा खुल्या स्वरूपात राहील, ही अट आधी घालावी. मागणारा सरकारी आहे एवढ्याने बंदिस्तपणा टळत नाही.

आपल्या देशाचा या यंत्राशी थेट संबंध आला होता, हे आता फारसे कोणाला आठवत नाही. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने आणि शिक्षण मंत्रालयाने शाळांत संगणक नेणारा क्लास हा प्रकल्प सुरू केला. एनसीईआरटीचा त्यात सहभाग होता आणि सुमारे २५० शाळांत जी यंत्रे गेली ती बीबीसी मायक्रोच होती. निवड उत्तम होती. परंतु ब्रिटनमध्ये त्या यंत्राभोवती मालिका, अभ्यासक्रम आणि शिक्षकांना आधार देणारी जी व्यवस्था उभी होती, तिच्या तोडीचे काही आपल्या भाषांतून उभे राहिले नाही. आपण यंत्र आणले आणि ज्या विचाराने ते घडले होते तो विचार तिकडेच ठेवून आलो.

महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटी या संगणक साक्षरतेच्या अभ्यासक्रमाने लाखो लोकांच्या मनातली संगणकाची भीती घालवली. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या मुलीला त्या प्रमाणपत्रामुळे नोकरीचा अर्ज करता आला, हे मी मोलाचे मानतो. पण त्या अभ्यासक्रमाचा भर संगणक वापरण्यावर आहे, आणि प्रौढ माणसाला चटकन कामाला लावण्यासाठी आखलेले शिक्षण बारा वर्षांच्या मुलाला पुरेसे मानणे ही ब्रिटनने नव्वदच्या दशकात केलेली चूक आहे. सरकारी संस्थांना तंत्रज्ञानातले काही जमत नाही, असे म्हणणाऱ्यांनी पुण्यातल्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेकडेही पाहावे. बाजाराला देवनागरीची निकड वाटत नव्हती, तेव्हा आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले, भारतीय लिप्या संगणकावर आणणाऱ्या जिस्ट तंत्राचे काम सी-डॅकने पुढे नेले आणि साध्या संगणकावर मराठी अक्षर उमटले. आपल्या भाषेची ती गरज बाजाराने आपण होऊन ओळखण्याची वाट आपण पाहत बसलो असतो, तर आणखी बराच काळ थांबावे लागले असते.

आज सांगितले जाते की आता मोबाइल प्रत्येकाच्या हाती आहे, वेगळे यंत्र कशाला? मोबाइल उत्तम आहे, पण तो मुलाच्या ताब्यात नसतो, मूल त्याच्या ताब्यात असते, आणि त्यावर स्वतः काही लिहून चालवून पाहणे इतके आडवळणाचे आहे की मूल त्या वाटेला जातच नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. शिकवणार कोण? १९८२ मध्ये ब्रिटनच्या बहुतेक शिक्षकांनाही काही येत नव्हते. बीबीसीने त्यांना मुलांच्या बरोबरीने शिकवले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावीपासून कार्यक्रमलेखनाची ओळख करून देण्याची गोष्ट आहे आणि ते अमलात आणायचे तर शिक्षकाला मराठीत लिहिलेली सविस्तर मार्गदर्शिका, दूरदर्शनवर त्याच पुस्तिकेबरहुकूम चालणारी मालिका आणि वेळापत्रकात राखून ठेवलेला तास द्यावा लागेल.

यंत्राची अडचण आता उरलेली नाही. बीबीसी मायक्रोवर वाढलेल्या एबेन अप्टन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये आणलेला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक ३५ डॉलरांना मिळू लागला. त्याच्या आवृत्त्यांना अ आणि ब ही नावेही त्या जुन्या यंत्रावरून दिली गेली आणि आत एआरएमचाच प्रोसेसर आहे. २०१६ मध्ये बीबीसीने मायक्रोबिट ही छोटी संगणक-पाटी ब्रिटनमधल्या अकरा-बारा वर्षांच्या मुलांना मोफत वाटली. राज्य सरकारची पुढची निविदा निघेल तेव्हा पडद्याचा आकार आणि बॅटरीचे तास यांच्या वर चार अटी लिहाव्यात. यंत्र सुरू केल्यावर इंटरनेटशिवाय आणि खात्याशिवाय मुलाला कार्यक्रम लिहिता यावा, बाहेरचे उपकरण जोडता यावे, त्याने केलेले काम दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर उघडता यावे, आणि मार्गदर्शिका मराठीत छापलेली असावी. यांतली एकही अट तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. तपशील लिहिणाऱ्या समितीत कार्यक्रमलेखन शिकवणारे दोन शिक्षक बसवले, तर पहिल्याच बैठकीत त्या कागदावर येतील.